आईबापांची परीक्षा कोण घेणार?

आईबापांकडून स्वभावाची प्रश्नावली भरून घ्यावयाची आणि मुलाचा छळ कोणाच्या हातून होण्याचा संभव आहे हे गुणांवरून ठरवावयाचे, हे तंत्र पाश्चात्त्य देशांत मान्यता पावले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोएल मिल्नर यांच्या अशा प्रश्नावलीत १६० विधाने आहेत. मनस्ताप, असमाधान, घरातील व बाहेरील कटकटी यांची त्यात मोजदाद होते.

ही फूटपट्टी कळंब तालुक्यातील ऊसतोड कुटुंबाला लावून पाहावी. मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवराबायको मिळून एक 'कोयता' होतात आणि हंगामभर कोपीत राहतात. मूल सोबत नेले तर शाळा बुडते; गावी ठेवले तर ते थकलेल्या आजीच्या हवाली. अशा आईच्या मनाला स्वस्थता कोठून लाभावी? प्रश्नावली तिची चिंता मोजते, उचल मोजत नाही. दारिद्र्याला स्वभावदोष ठरविण्याची ही शास्त्रीय युक्ती होय!

गणितही तिच्या विरुद्धच जाते. समजा, चाचणी शंभरात नव्वद वेळा अचूक ठरते आणि हजार पालकांत दहा खरोखर धोकादायक आहेत. ती नऊ जणांना हेरील. पण ९९ निरपराधांवरही तोच शिक्का मारील.

मग मुलांनी मार खात राहावे काय? मुळीच नाही. मारणाऱ्या हाताला गरिबीची सबब देता येणार नाही. छळाचा पुरावा दिसताच बालकल्याण समितीने धावून गेलेच पाहिजे. परंतु घडलेल्या कृत्याची चौकशी हा न्याय आहे. न घडलेल्या कृत्याबद्दल स्वभावावरून शिक्षा हा अन्याय आहे.

डेन्मार्कमध्ये पालकक्षमतेच्या चाचण्यांच्या आधारे ग्रीनलंडी आईबापांची मुले काढून घेतली गेली. परक्या संस्कृतीच्या मापाने त्यांना मोजले जाते, असा आक्रोश झाला. अखेर २०२५ मध्ये या कुटुंबांपुरता त्या चाचण्यांचा वापर कायद्याने बंद करावा लागला.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे. आईबापांनी मुलाला आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे टाकले असेल, तर ते हेतुपुरस्सर मानू नये, असे कलम ७५ सांगते. त्या परिस्थितीला जबाबदार कोण, हे विचारणे मात्र कायद्याने आपल्यावर सोडले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रश्नावली उलट फिरवावी. कारखान्यावर साखरशाळा आहे काय? फडावर पाळणाघर आहे काय? गावात हंगामी वसतिगृह वेळेवर उघडते काय? मजुरीतून उचल फिटते काय? या परीक्षेला कारखानदार आणि शासन यांनी आधी बसावे. आईबापांची पाळी त्यानंतर.