प्रोग्रॅमिंगचे मराठी पुस्तक आधी साध्या फाईलमध्ये लिहा

अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याची वाट २०२१ मध्ये मोकळी झाली आणि संगणकाची मराठी पुस्तके कोण लिहिणार, यावर बोलणे सुरू झाले. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, त्याचे लातूरचे उपकेंद्र आणि दोन्ही जिल्ह्यांतली तंत्रशिक्षणाची महाविद्यालये यांच्यासाठी हा जवळचा प्रश्न आहे. मात्र ही पुस्तके कशात लिहायची, हेही तेवढ्याच गांभीर्याने ठरवायला हवे. वर्डमध्ये टाईप करून डीटीपीला देण्याची रूढ पद्धत कथा-कवितेला चालून जाते; प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाची मात्र ती वाट लावते.

पायथनमध्ये ओळीआधी किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो. पान जुळवताना ती जागा सरकली की प्रोग्रॅम बंद पडतो. सरळ अवतरणचिन्हांना वर्ड आपणहून वळणदार करते. दिसायला ती सुबक, पण संगणक ती नाकारतो. नव्या विद्यार्थ्याला वाटते, चूक आपलीच. त्यात मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर कॉपी करताच त्याची निरर्थक अक्षरे होतात आणि शोधही घेता येत नाही. दरवर्षी नोट्सची नवी आवृत्ती काढणाऱ्या लातूरला फेरटायपिंगचा खर्च सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे खुणांची भाषा. साध्या मजकुरात ‘हे शीर्षक’, ‘हा प्रोग्रॅम’ अशा खुणा करायच्या आणि पान जुळवण्याचे काम लेटेकसारख्या प्रणालीवर सोपवायचे. प्रोग्रॅमची वेगळी फाईल थेट पुस्तकात ओढता येते, म्हणजे जो प्रोग्रॅम चालवून पाहिला तोच छापला जातो. ही कल्पना जुनी आहे. कर्निघन आणि रिची यांनी सी भाषेवरचे १९७८ चे पुस्तक युनिक्सवर स्वतःच जुळवले आणि त्यातली उदाहरणे थेट त्या मजकुरातूनच तपासली. सी प्लस प्लसच्या प्रमाणकाचा मसुदा आजही लेटेकमध्ये लिहिला जातो.

यावर आक्षेप तीन. पहिला देवनागरीचा: लेटेकमध्ये मराठी लिहिता येईल का? फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्येच लेटेकचा पाया असलेल्या टेकसाठी देवनागरीची सोय केली होती आणि २००४ मध्ये आलेल्या झीटेक या टेकच्या नव्या रूपापासून युनिकोड मराठी थेट लिहिता येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: खुद्द पायथनच्या दस्तऐवजांनी २००७-०८ च्या सुमारास लेटेक सोडले. खरे आहे, पण ते वर्डकडे गेले नाहीत, अधिक सोप्या खुणांच्या भाषेकडे गेले. साधन बदलले, तत्त्व टिकले. तिसरा आक्षेप, शिक्षकांना हे जड जाईल. चूक झाल्यावर लेटेक देते ते संदेश चक्रावून टाकतात हे मान्य. पण रोज कोड शिकवणाऱ्याला दहा-पंधरा खुणा अवघड नाहीत. शिवाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लेटेकचे धडे आहेत. सुरुवात मार्कडाऊनसारख्या सोप्या खुणांनी केली तरी चालेल.

डीटीपीवाल्यांचे काम यात जाणार नाही. मुखपृष्ठ, आकृत्या आणि छपाई त्यांच्याकडेच राहील. विद्यापीठाने मात्र एक अट घालावी: अनुदानातून किंवा मान्यतेने निघणाऱ्या संगणकाच्या प्रत्येक मराठी पुस्तकाची मूळ फाईल, चालवून पाहिलेल्या प्रोग्रॅमसह, ग्रंथालयात जमा व्हावी. मग अभ्यासक्रम बदलला की पुढचा लेखक कोऱ्या पानापासून सुरुवात करणार नाही. आधीच्या पुस्तकातले दोन धडे बदलून काम भागवील.