पत्रिकेंत न बसणारा ग्रह

ग्रह हा शब्द कानीं पडतांच आपल्या घरांतून पंचांग उघडलें जातें. परंतु ज्याला कोणाच्याही पत्रिकेंत घर मिळालेलें नाहीं, अशा एका ग्रहाचा परिचय या महिन्यांत वाचकांस करून द्यावयाचा आहे. त्याचें नांव 'एशिया'. मंगळ व गुरु यांच्या कक्षांमधील पट्ट्यांत जे लक्षावधि लघुग्रह सूर्याभोंवतीं फिरत आहेत, त्यांपैकींच हा एक. मद्रासच्या वेधशाळेंतून नॉर्मन पॉग्सन यांनीं १७ एप्रिल १८६१ रोजीं तो शोधून काढला. आशिया खंडांतून सांपडलेला तो पहिलाच लघुग्रह. म्हणून त्यास खंडाचेंच नांव मिळालें.

त्याचा व्यास सुमारें ६० किलोमीटर आहे. विरारहून चर्चगेटपर्यंतचा लोहमार्गही तितकाच लांब. म्हणजे आमच्या वसई-विरारचे नोकरदार रोज सकाळीं एक सबंध ग्रह ओलांडून कचेरींत जातात म्हणावयाचे! सूर्यप्रदक्षिणेस एशियाला सुमारें पावणेचार वर्षें लागतात. स्वतःभोंवतीं मात्र तो सुमारें १६ तासांतच फिरतो.

जो लहान दुर्बिणींतून केवळ प्रकाशबिंदु दिसतो, तो दगडाचा आहे हें कळलें कसें, असें घरांतील चौकस मुलें विचारतीलच. त्यांस सांगावें कीं, ग्रहावर पडलेल्या सूर्यकिरणांपैकीं कांहीं तेथील खनिजें शोषून घेतात. परतलेल्या प्रकाशाचा वर्णपट पाहिला असतां कोणते किरण क्षीण झाले हें दिसतें, व त्यावरून खनिज ओळखतां येतें. एशिया ज्या पाषाणवर्गांत मोडतो, त्या वर्गांत ऑलिव्हिन व पायरॉक्सिन हीं खनिजें आढळतात. पैकीं पायरॉक्सिन आपल्या तुंगारेश्वराच्या काळ्या कातळांतही आहे! हें अनुमान खरें ठरलें तें २०१० सालीं. त्या वर्षीं जपानच्या हायाबुसा यानानें इटोकावा या पाषाणमय लघुग्रहावरचे कण पृथ्वीवर आणले, आणि ते येथें पडलेल्या उल्काश्मांशीं जुळले.

इतक्या दूरच्या दगडाची एवढी चौकशी कशासाठीं, असें कोणी म्हणेल. एशियापासून आपणांस भय नाहीं. त्याची कक्षा पृथ्वीच्या वाटेपासून फार दूर आहे. परंतु असे सर्वच दगड दूर राहत नाहींत. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें विवर अशाच आघातानें कठीण कातळांत पडलें आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजीं अमेरिकेच्या डार्ट यानानें डिडिमॉस या लघुग्रहाच्या डायमॉर्फॉस नामक चिमुकल्या उपग्रहावर मुद्दाम आदळून त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारें अर्ध्या तासानें कमी केला. अशा आघाताचा परिणाम किती होईल, हें तो दगड भरीव आहे कीं भुसभुशीत, यावर पुष्कळसें अवलंबून असतें. म्हणूनच या दगडांची जात आधीं ओळखून ठेवावी लागते.

ग्रहशांतीसाठीं पूर्वीं होम करीत. या ग्रहांची शांति मापन व गणित यांनींच व्हावयाची आहे. आपल्या मुलांस या गणिताची गोडी लागावी, एवढीच इच्छा.