चौदाव्या दिवसानंतरची गोळी

मागच्या महिन्यात ओपीडीत एक ऊसतोड कामगार आले. वय पस्तिशीच्या आतले, नडगीचे हाड मोडून सात महिने झालेले. आतला रॉड जागेवर, जखम कोरडी, ताप नाही, साखर नाही. त्यांनी पिशवीतून पाच फिल्म काढल्या आणि तारखेप्रमाणे टेबलावर ओळीने मांडल्या. तारखा त्यांना पाठ होत्या. मी एकेक फिल्म खिडकीपाशी धरून पाहत गेलो. पहिल्या फिल्ममधली फट आणि पाचवीतली फट यांत फरक शोधावा लागत होता. एका कडेला कॅलसचा पुसट ढग दिसत होता, पण तो पलीकडे पोचलेला नव्हता. ते एवढेच म्हणाले, "डॉक्टर, हा हंगाम गेला. पुढचा तरी धरता येईल का?"

असा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. मोडलेल्या हाडांपैकी पाच ते दहा टक्के हाडे वेळेत जुळत नाहीत असे पाठ्यपुस्तके सांगतात, आणि नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरमध्ये हे प्रमाण आणखी वाढते हे आपण रोज पाहतो. तेव्हा आपल्या हाती काय असते? रॉडचा एक स्क्रू काढून हाडावर भार येऊ द्यायचा, जाड रॉड घालायचा किंवा कमरेचे हाड काढून भरायचे. म्हणजे पुन्हा टेबल, पुन्हा भूल, पुन्हा खर्च. रिकॉम्बिनंट बीएमपी-२ ला नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली, पण त्याची किंमत ऐकून जिल्ह्याच्या गावातला रुग्ण खुर्चीवरून उठतो. जुळणी लवकर व्हावी म्हणून तोंडाने घ्यायची, खिशाला परवडणारी, खात्रीची गोळी आपल्याकडे नाही. म्हणूनच या महिन्याचे संपादकीय टोरांटोतून आलेल्या एका कामावर लिहीत आहे. ते लिथियमविषयी आहे.

लिथियम म्हटले की आपल्याला मानसोपचार विभाग आठवतो, आणि ते बरोबरच आहे. ऑस्ट्रेलियाचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा परिणाम प्रसिद्ध केला. त्याआधी त्यांनी ते गिनीपिगना टोचले होते आणि स्वतःही घेऊन पाहिले होते. पुढे डेन्मार्कच्या मॉगेन्स शू यांनी त्याला शास्त्रशुद्ध चाचणीचा पाया दिला, आणि १९७० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. पंचाहत्तर वर्षे वापरात असलेले हे औषध बायपोलर आजारात आजही पहिल्या रांगेत आहे. त्याचे दोष आपल्याला माहीत आहेत, मात्राही माहीत आहे, आणि ते स्वस्त आहे.

हाडाशी त्याचे नाते जुळते ते एका एन्झाइममुळे. जीएसके-३ बीटा हे एन्झाइम पेशीतल्या बीटा-कॅटेनिन या प्रथिनावर खूण करते आणि खूण झालेले प्रथिन पेशी मोडून टाकते. लिथियम या एन्झाइमला आवर घालते, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. खूण झाली नाही की बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात जाते आणि हाड घडवणारी जनुके चालू करते. यालाच आपण विंट मार्ग म्हणतो. त्यानंतर २००५ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात लिथियमने हाडाचे वस्तुमान वाढल्याचे दिसले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या नोंदींतून असेही पुढे आले की लिथियम घेणाऱ्यांमध्ये फ्रॅक्चरचे प्रमाण कमी आहे. अर्थात, हाड मोडू न देणे आणि मोडलेले हाड जुळवणे ही दोन निराळी कामे आहेत. पुढचा सगळा विषय या फरकावरच उभा आहे.

टोरांटोच्या सिककिड्स या बालरुग्णालयात बेंजामिन अल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांवरचे काम प्लॉस मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केले. हा शोधनिबंध आपल्या शाखेतल्या प्रत्येक निवासी डॉक्टरने वाचावा असे मला मनापासून वाटते, कारण त्यात औषधाइतकीच फ्रॅक्चरची समज आहे. हाड मोडल्यावर सुरुवातीच्या दिवसांत त्या जागी ज्या पेशी जमतात त्यांचे काय व्हायचे हे अजून ठरलेले नसते. त्यांतल्या काही कूर्चेच्या होणार असतात, काही हाडाच्या. या टप्प्यात बीटा-कॅटेनिन मोजके असावे लागते. ते कमी पडले तर बिघडते आणि वाढले तरीही बिघडते. वाढले तर पेशी ना कूर्चेच्या होतात ना हाडाच्या, तशाच अर्धवट राहतात आणि जुळणी मागे पडते. एकदा पेशीने हाडाची वाट धरली की मात्र चित्र उलटे होते. तिथून पुढे बीटा-कॅटेनिन जितके जास्त तितके हाड जोमाने तयार होते. म्हणून मोडण्याआधीपासून लिथियम दिलेल्या उंदरांची हाडे नीट जुळली नाहीत, आणि मोडल्यानंतर दिलेल्यांची चांगली जुळली. औषध एकच, प्राणी तेच, हाड तेच. परिणाम उलटला तो फक्त दिवसामुळे.

हे वाचले तेव्हा मला शेतातल्या पाण्याची पाळी आठवली. कोंब वर येण्याआधी वाफा तुंबवला तर बी कुजते, आणि तेच पाणी पंधरा दिवसांनी दिले तर पीक उभे राहते. आपण शल्यचिकित्सक पेशींच्या दिवसांचा असा विचार फारसा करत नाही. प्लेट बसली, फिल्म चांगली दिसली, सहा आठवड्यांनी या, असे म्हणून मोकळे होतो. त्या सहा आठवड्यांत तिथे निदान तीन वेगवेगळी कामे होऊन गेलेली असतात.

पुढची पायरी टोरांटोच्याच सनीब्रुक रुग्णालयातल्या डायन नाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. मात्रा किती, सुरुवात कधी आणि किती दिवस, हे तीन प्रश्न त्यांनी मोडलेल्या मांडीच्या हाडावर, मोठ्या उंदरांमध्ये तपासले. २०१४ मध्ये जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरीत आलेले उत्तर स्पष्ट होते. मात्रा कमी, सुरुवात उशिरा म्हणजे सातव्या दिवशी, आणि मुदत दोन आठवडे, या जोडणीत जुळलेले हाड पिळाला सुमारे ४६ टक्के अधिक टिकले. जास्त औषध म्हणजे जास्त गुण, ही आपल्या रुग्णांची आणि कधीकधी आपलीही समजूत इथे चालत नाही.

त्यानंतर कॅनडातल्या केंद्रांमध्ये माणसांवरची चाचणी आखली गेली. तिचे नाव लिफ्ट, आणि तिचा आराखडा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मांडी, नडगी, दंड किंवा गळपट्टीच्या हाडाचा मधला भाग मोडलेले, एरवी निरोगी असे प्रौढ रुग्ण त्यात घ्यायचे. अर्ध्यांना लिथियम कार्बोनेट ३०० मिलिग्रॅम रोज, अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही. औषध सुरू करायचे ते फ्रॅक्चरनंतर दोन आठवड्यांनी, आणि द्यायचे फक्त दोन आठवडे. म्हणजे उंदराचा सातवा दिवस माणसात चौदावा झाला. ३०० मिलिग्रॅम ही मात्रा उन्मादाच्या रुग्णाला द्याव्या लागणाऱ्या मात्रेच्या एका लहान हिश्शाएवढी आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे लिहायला बसलो तो सांगतो. हे वाचून उद्या कोणीही आपल्या चिठ्ठीवर लिथियम लिहू नये. विनंती म्हणून नव्हे, मी हे आग्रहाने म्हणतो आहे.

पहिले कारण औषधाच्या स्वभावात आहे. गुण देणारी पातळी आणि विष ठरणारी पातळी यांत लिथियम फार थोडे अंतर ठेवते. केड यांचा पहिला रुग्ण सुधारला, घरी गेला, आणि १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने दगावला. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिले जात होते. त्यातून मृत्यू झाले आणि १९४९ मध्ये ते बाजारातून काढावे लागले. रक्तातली पातळी मोजता येऊ लागल्यावरच हे औषध सुरक्षित हातांत आले. दिवसाला ३०० मिलिग्रॅम दोन आठवडे हा मामला तसा सौम्य आहे, हे मान्य. पण आपल्या फ्रॅक्चरच्या चिठ्ठीवर आणखी काय असते ते आठवून पाहा. डायक्लोफेनॅक, नाहीतर आयबुप्रोफेन. वेदनाशामकांचा हा गट मूत्रपिंडातून लिथियमचा निचरा कमी करतो आणि रक्तातली पातळी चढवतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि थायझाइड मूत्रलही तेच करतात. त्यात एप्रिल-मे महिन्यात उन्हात घाम गाळणारा, जुलाबाने कोरडा पडलेला किंवा चिरडलेल्या पायामुळे मूत्रपिंड आधीच दमलेले असा आपला रुग्ण धरा. त्याचे सोडियम खाली गेले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते. तालुक्याच्या गावात सीरम लिथियमचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हातात मिळेल का? बहुतेक ठिकाणी नाही. हात कापणे, तोल जाणे, उलट्या ही लक्षणे मोडक्या पायाच्या माणसात अशक्तपणाच्या नावावर सहज खपून जातात. थायरॉइडचे आजार आणि गरोदरपण हे प्रश्न त्याहून वेगळे.

दुसरे कारण आपल्याच शाखेच्या इतिहासात आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. याच विंट मार्गावर काम करणारे रोमोसोझुमॅब हे औषध हाडांची घनता वाढवते. ठिसूळ हाडांसाठी त्याला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. प्राण्यांमध्ये त्याने फ्रॅक्चरची जुळणीही सुधारली होती. माणसांत खुब्याच्या आणि नडगीच्या फ्रॅक्चरवर त्याच्या दोन स्वतंत्र चाचण्या झाल्या, त्यांचे निकाल २०२० मध्ये आले, आणि निष्क्रिय इंजेक्शनपेक्षा ते सरस ठरले नाही. मंद ध्वनिलहरींच्या यंत्राचेही तसेच झाले. वर्षानुवर्षे ते रुग्णांना विकत किंवा भाड्याने दिले गेले. मग २०१६ मध्ये नडगीच्या ५०१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली आणि त्यात फायदा दिसला नाही. उंदराचे हाड काही आठवड्यांत जुळते, त्याला विडीचे व्यसन नसते, आणि त्याचे फ्रॅक्चर बंद, सरळ, प्रयोगशाळेत केलेले असते. आपल्याकडचे हाड दुचाकीखाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली चुरडते आणि चिखल घेऊन येते.

मग लिथियमकडे पाठ फिरवायची का? अजिबात नाही. पेटंट केव्हाच संपलेल्या स्वस्त गोळीमागे कोणतीही कंपनी कोट्यवधी रुपये घालणार नाही. टोरांटोचे काम सार्वजनिक रुग्णालयांतले डॉक्टर पुढे नेत आहेत ते म्हणूनच. आणि फ्रॅक्चरचे रुग्ण आपल्याकडे किती आहेत! शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या एकेका अस्थिव्यंग विभागात आठवड्याला जेवढ्या नडग्या येतात, तेवढ्या जमवायला परदेशातल्या केंद्राला महिने लागतील. कायद्याचीही आडकाठी नाही. २०१९ च्या नव्या औषध व वैद्यकीय चाचणी नियमांत मान्यताप्राप्त औषधाचा नवा उपयोग तपासणाऱ्या शैक्षणिक चाचणीसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. संस्थेच्या नीतिसमितीची संमती हवी, राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत आधी नोंद हवी, आणि निष्कर्ष औषधाच्या जाहिरातीसाठी वापरायचे नाहीत. एमएसच्या प्रबंधासाठी दरवर्षी तेच ते विषय फिरत असताना तीन-चार महाविद्यालयांनी मिळून असा एक प्रश्न हाती घ्यावा, हे मला मनापासून हवे आहे. मानसोपचार विभाग त्यात पहिल्या दिवसापासून हवा. लिथियम कसे द्यायचे हे त्यांना कळते, आपल्याला नाही.

त्यांच्याशी बोलणे सुरू झाले की दुसरी एक जुनी चूकही सुधारेल. बायपोलर आजारासाठी लिथियम घेणारा रुग्ण फ्रॅक्चर होऊन आला की आपण एकतर त्याची गोळी बंद करून टाकतो, किंवा ती चालू आहे हे न विचारताच वेदनाशामक लिहितो. दोन्ही वाईट. गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, मानसोपचारतज्ज्ञाला फोन करायचा आणि दुखण्यासाठी शक्य तिथे पॅरासिटामॉलने काम भागवायचे. एवढे तर आजपासून, कोणत्याही चाचणीशिवाय करता येते.

त्या ऊसतोड कामगारांच्या नडगीत मागच्या आठवड्यात कमरेचे हाड भरले. लिथियमविषयी त्यांना मी काही सांगितले नाही, सांगण्यासारखे अजून हातात नाही. त्यांचे जुने कागद चाळताना मात्र एक गोष्ट खटकली. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनची तारीख होती, टाके काढल्याची होती, बिलाची होती. हाड कधी मोडले ती तारीख कुठेच लिहिलेली नव्हती. माझ्या स्वतःच्या विभागातली वीस कार्डे मग काढून पाहिली, तर सातांवर तीच जागा कोरी. ज्या औषधाचा गुण-अवगुण दिवसावर ठरतो त्याची चाचणी अशा कागदांवर उभी राहणार नाही. पुढच्या अंकासोबत फ्रॅक्चर-नोंदीचा एक साधा तक्ता देत आहोत. तो छापून आपल्या ओपीडीत लावा, भरा आणि सहा महिन्यांनी आमच्याकडे पाठवा. त्यातला पहिला रकाना दुखापतीच्या तारखेचा आहे.