रंधा हातात घेण्याआधी

पाऊस ओसरला की पश्चिम किनाऱ्यावर शिडाच्या बोटींवरच्या ताडपत्र्या निघतात आणि आपल्या कामाचा हंगाम सुरू होतो. तळाचा रंग, दोर, शिडांची शिवण, इंजिनाचे तेल ही यादी आपल्याला पाठ आहे. केबिनच्या तोंडावरचे सरकते हॅच मात्र त्या यादीत सहसा नसते. मालक बोटीवर चढतो, हॅच ओढतो, ते अर्ध्यात अडकते. मग कुणी रंधा काढतो, कुणी ग्रीसचा डबा. दहा मिनिटांत हॅच सरकू लागते आणि काम झाले असे सगळे धरून चालतात. या दोन्ही उपायांविरुद्ध आज मुद्दाम लिहितो आहे.

पावसाळ्याच्या शेवटी लाकूड पुरेपूर फुगलेले असते. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलते, पण हलते. फळ्या बोटीच्या लांबीच्या दिशेने जोडलेले ६०० मिमी रुंदीचे सागवानी हॅच घ्या. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर फळ्या कशा चिरल्या आहेत त्यानुसार त्याची रुंदी साधारण अडीच ते साडेचार मिमीने वाढते. कोरड्या दिवसांत ती पुन्हा उतरते. ऑक्टोबरात रंध्याने काढलेले तीन मिमी मात्र परत येत नाहीत. फेब्रुवारीत तेच हॅच खडखडते, तिरके होते आणि लाटेचा तुषार थेट आतल्या गादीवर येतो. फळ्या आडव्या जोडलेल्या असतील, तर रुंदी वाढण्याचा प्रश्नच जवळजवळ येत नाही, कारण रेषेच्या दिशेने लाकूड नगण्य फुगते. प्लायवूडचेही तेच. अशा हॅचच्या कडा तासणे म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

ग्रीसचे नुकसान उशिरा दिसते. त्यात मीठ, वाळू आणि लाकडाचा भुसा बसतो, आणि महिन्याभरात त्याच मिश्रणाने रनर घासला जातो. सिलिकॉनचा फवारा तर त्याहून वाईट. तो आजूबाजूच्या डेकवर उडतो आणि पुढे तिथे ना रंग धरत, ना व्हार्निश, ना सीलंट. वंगण लागलेच, तर स्वच्छ आणि कोरड्या रनरवर साधे मेण घासावे किंवा टेफ्लॉनचे कोरडे वंगण वापरावे. तेही सगळ्यात शेवटी.

सुरुवात गोड्या पाण्याने करावी. सी-हूड आणि मागचा अडसर काढून हॅच पूर्ण बाहेर घ्या, खाचा कोमट पाण्याने आणि ब्रशने धुवा, पाणी निघून जाण्याची भोके तारेने मोकळी करा. मीठ हवेतला ओलावा ओढत राहते, त्यामुळे नुसते पुसून भागत नाही. बरीचशी हॅच इथेच सुटतात. जी सुटत नाहीत त्यांच्यासाठी गेरू आणा. दोन्ही रनरवर त्याचा पातळ हात फिरवा, हॅच बसवून एकदा पुढे-मागे सरकवा, पुन्हा काढा. गेरू जिथे पुसला गेला तिथेच घासते आहे. बाकी ठिकाणी पटाशी लावण्याचे कारण नाही. मग दोन रनरमधले अंतर पुढे, मध्ये आणि मागे मोजा, आणि हॅचचे दोन्ही कर्ण मोजा. कर्णात फरक असेल तर हॅचची चौकट गुण्यात नाही. अंतरात फरक असेल तर हॅच निर्दोष आहे आणि रनर हलला आहे.

रनर हलण्याचे सर्वांत फसवे कारण अॅल्युमिनियमच्या पट्टीत सापडते. स्टेनलेसचा स्क्रू, अॅल्युमिनियम आणि खारे पाणी एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे पट्टी खालून उचलली जाते. वरून काही दिसत नाही. पट्टीवरून बोट फिरवले की स्क्रूजवळ हलका उंचवटा लागतो. स्क्रू आवळून तो बसत नाही. पट्टी काढायची, खरवडायची आणि स्क्रूच्या आट्यांवर धातू एकमेकांपासून अलग ठेवणारी पेस्ट लावून परत बसवायची.

प्लॅस्टिकच्या पट्ट्या बदलताना नायलॉन टाळा. ते पाणी पिऊन फुगते. अॅसिटल पाणी फारसे घेत नाही, यूएचएमडब्ल्यू पॉलिएथिलीन जवळपास घेतच नाही. पण ते उन्हात लांबते. ७०० मिमीची पट्टी तापमान ३० अंशांनी चढले की तीन-चार मिमी वाढते. ती दोन्ही टोकांना ठासून बसवली तर मध्ये कमान होणारच. एकच स्क्रू पक्का ठेवा, बाकीची भोके लांबट करा. अॅक्रिलिकच्या हॅचलाही भोके सैल हवीत, आणि ते पुसायला अॅसिटोन कधीही वापरू नका, बारीक तडे जातात.

हॅच रुंदीला जास्त आणि लांबीला कमी असेल, तर एका कोपऱ्याला धरून ओढल्यावर ते कपाटाच्या रुंद खणासारखे तिरके होऊन रुतते. तिथे मूठ मधोमध घेणे आणि बाजूच्या पट्ट्या लांब करणे हाच उपाय. आणि एक लक्षात असू द्या: किनाऱ्यावर टेकूंवर उभी बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट यांच्या डेकचा आकार तंतोतंत सारखा नसतो. डोलकाठी डेकवर टेकलेली असेल तर तारा ताणल्यावर केबिनचे छप्पर किंचित दबते. शेवटचा निवाडा बोट पाण्यात उतरवून, तारा ताणल्यावरच करावा.

इतका खटाटोप एका झाकणासाठी का, असे तरुण कारागीर विचारतात. ऑगस्ट १९७९च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ स्पर्धक खलाशांचा बळी घेतला. २४ बोटी खलाशांनी सोडून दिल्या, पाच बुडाल्या. नंतरच्या चौकशीत बोटींच्या जलरोधकतेतला सर्वांत गंभीर दोष म्हणून केबिनच्या मुख्य दाराच्या रचनेवर बोट ठेवले गेले. दारातल्या वॉशबोर्डच्या फळ्या निमुळत्या खाचांत वरून सोडलेल्या असतात आणि त्यांना वर सरकू न देणारे काय, तर बंद हॅच. हॅच जड चालते म्हणून ते अर्धे उघडे ठेवायची सवय लागली, की बोट उलटताच फळ्या निसटतात आणि पाणी आत घुसते. म्हणूनच खोल समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांत हे हॅच आतून आणि बाहेरून, बोट उलटलेली असतानाही, पक्के करता आले पाहिजे आणि फळ्या दोरीने बांधलेल्या असल्या पाहिजेत, असे कलम आहे. आपल्याकडच्या बहुतेक बोटी शर्यतीला जात नाहीत. लाटेला त्याचे काही नसते.

तेव्हा या हंगामात एवढे करा. बोट मालकाच्या हवाली करण्याआधी पाण्यात, तारा ताणलेल्या असताना, एका माणसाला केबिनमध्ये बसवा, हॅच लावा आणि त्याला ते आतून एका हाताने उघडायला आणि पुन्हा लावायला सांगा. जमले नाही, तर त्या कामाचे बिल करू नका.