मुदतीपूर्वी न मोडलेली ठेव

इंडोनेशियाच्या मालुकू द्वीपसमूहात, अंबोनच्या पूर्वेस, हारुकू हे लवंगेचे व मासेमारीचे बेट आहे. तेथील हारुकू गावात ‘लोम्पा’ नावाची लहान मासळी दिवसा नदीत, रात्री समुद्रात असते. पिले दिसू लागली की ‘केवांग’, म्हणजे गावचे राखणदार, बंदी पुकारतात. तिला ‘सासी’ म्हणतात. पुढे कित्येक महिने जाळे पडत नाही. मग एके दिवशी सारा गाव नदीत उतरतो. हा व्यवसाय आपल्या अहिंसाधर्मास मानवणारा नाही, हे खरेच. परंतु मुदतीपूर्वी ठेव न मोडण्याची ही शिस्त माझ्यासारख्या जुन्या बँक अधिकाऱ्यास परकी वाटली नाही. १९८५ मध्ये केवांगांना राष्ट्रीय पर्यावरण पुरस्कार लाभला. त्याचे नाव ‘कल्पतरू’! आता तरुण नोकरीसाठी अंबोन गाठतात. उद्या पहाऱ्याची पाळी कोण घेणार, हा प्रश्न मला मासळीच्या भावापेक्षा मोठा वाटतो.