पीलखान्याचा जमाखर्च

अमक्या घराण्याच्या दारी हत्ती झुलत असे, हे वाक्य आपण बखरींतून आणि कुलवृत्तांतांतून इतक्या वेळा वाचलेले असते, की त्या झुलणाऱ्या हत्तीला सकाळ-संध्याकाळ वैरण किती लागत होती, हा प्रश्न आपल्या मनात सहसा उद्भवत नाही. परंतु मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत पीलखाना हा एक स्वतंत्र कारखाना होता, आणि ज्या अर्थी कारखाना होता त्या अर्थी त्याचा हिशेब लिहिणारा कोणी कारकूनही असला पाहिजे, व दसऱ्याच्या स्वारीत सगळे शहर अंबारीकडे डोळे लावून उभे असता तो एकटा मनातल्या मनात उसाच्या मोळ्या मोजीत असला पाहिजे, याविषयी आता माझी पुरती खात्री झाली आहे. कारण गेली नऊ वर्षे मुलुंडच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात माझाही एक हत्ती झुलत आहे. नोंदणीच्या दस्तऐवजाप्रमाणे ती १९९६ सालची मर्सिडीज-बेंझ ई-२२० या जातीची मोटार आहे; घरातल्या बोलीत मात्र तिचे नाव हत्ती हेच पडले आहे, आणि ते माझ्या सौभाग्यवतीने ठेवलेले असल्यामुळे त्यात कौतुकाचा अंश किती आणि तक्रारीचा किती, हे मी आजवर तपासून पाहिलेले नाही.

माझ्या वयाच्या माणसाला तो तीन टोकांचा तारा प्रथम दिसला तो मोटारीवर नव्हे, मालट्रकच्या तोंडावर. टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधण्यास प्रारंभ केला व तो करार १९६९ पर्यंत चालला. त्यामुळे आज ज्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात त्या तेव्हाच्या आग्रा रोडवर, भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांकडे धुरळा उडवीत जाणाऱ्या ट्रकांवरचे तारे मोजणे, हा शाळेतून घरी येतानाचा आमचा नित्याचा उद्योग असे. मोटारीवरचा तारा मात्र आकाशातल्या ताऱ्याइतकाच दूर होता. परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद होती. वकिलातींनी वापरून काढलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या मार्फत विकल्या जात आणि त्या नटनट्यांच्या व उद्योगपतींच्या दारी जात, म्हणजे त्या काळातला मोठा धनिकही बहुधा दुसऱ्याने वापरलेलीच गाडी मिरवीत असे, ही गोष्ट आज आठवली की मनाला किंचित समाधान वाटते. आमच्या वडिलांची मजल कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाटसाठी नाव नोंदवण्यापर्यंत गेली होती. परंतु त्यांचा क्रमांक लागेतो बाजूला ठेवलेली रक्कम थोरल्या बहिणीच्या लग्नात खर्ची पडली होती, आणि त्याबद्दल त्यांनी पुढे कधी चकार शब्द काढला नाही.

पुढे काळ पालटला. १९९४ साली मर्सिडीज-बेंझने टेल्कोशी पुन्हा हातमिळवणी केली आणि १९९५ पासून, सुमंत मुळगावकरांनी नावारूपाला आणलेल्या टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात, कारखान्याच्या सांकेतिक भाषेत ‘१२४’ म्हणून ओळखली जाणारी मोटार जोडली जाऊ लागली. माझी गाडी त्या पहिल्या काही हंगामांतली. तिचे रूप ब्रूनो साको या इटलीत जन्मलेल्या रचनाकाराच्या देखरेखीखाली ठरले. तो २०२४ साली वारला तेव्हा ती बातमी वाचून मी खाली जाऊन गाडी पुसली, एवढा एकच शोकविधी मला सुचला.

ती मी विकत घेतली २०१७ साली, अंधेरी पश्चिमेच्या एका दलालाकडून, पावणेतीन लाख रुपयांना. “साहेब, डॉक्टरची गाडी आहे, फक्त रविवारी काढायचे,” असे दलाल म्हणाला. आणि मुंबईत विकावयास निघालेली प्रत्येक मोटार ही कोणा डॉक्टरचीच असते व ते सगळे डॉक्टर रविवारखेरीज घराबाहेर पडत नाहीत, हे ठाऊक असल्यामुळे मी त्याकडे दुर्लक्ष करून, एका अनुभवी स्नेह्याने पढवल्याप्रमाणे, पुढच्या आसनाचा पट्टा धरून शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढला. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, आणि कलिना-कुर्ल्यापासून पुढे ज्या असंख्य गाड्या छपरापर्यंत बुडाल्या त्यांतल्या कित्येक धुऊनपुसून, नवा गालिचा अंथरून, पुन्हा बाजारात आल्या. परंतु गालिचा बदलणाऱ्या माणसाला खांबाच्या पोटात गुंडाळून बसलेला पट्टा बहुधा आठवत नाही आणि पुराची मातकट रेघ तिथे वर्षानुवर्षे जपून राहते. माझ्या गाडीच्या पट्ट्यावर ती रेघ नव्हती. तेवढ्या एका पुराव्यावर मी व्यवहार पक्का केला.

या व्यवहारातले मुख्य मर्म मला ध्यानात यायला पहिले सहा महिने लागले, आणि ते असे, की काळाच्या ओघात किंमत उतरते ती गाडीची, तिच्या सुट्या भागांची नव्हे. वीस वर्षांत ती मोटार श्रीमंताच्या आवाक्यातून उतरत उतरत एका निवृत्त प्राध्यापकाच्या आवाक्यात आली, पण तिचा पुढचा दिवा, तिचा पाण्याचा पंप, तिच्या चाकामागचे रबरी बुश हे आपापल्या मूळ पायरीवरच ताठ उभे राहिले. म्हणजे जहागीर खालसा झाली, वतनाचे उत्पन्न बुडाले, आणि सरंजाम तेवढा पूर्वीच्याच इतमामाने चालवण्याची जबाबदारी मजकडे आली. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मज्जाव केल्यापासून तिकडच्या मातब्बर गाड्या ना-हरकत दाखला घेऊन दलालांमार्फत इतर राज्यांत येऊ लागल्या. एका साध्या नव्या गाडीच्या किमतीत जर्मन मोटार मिळते म्हणून हरखलेला एखादा तरुण मला भेटला, की मी त्याला परावृत्त करीत नाही. फक्त एक चोपडी विकत घे, एवढेच सांगतो.

माझी चोपडी लाल कापडी बांधणीची आहे. तिच्या डाव्या पानावर ‘जमा’ आणि उजव्या पानावर ‘खर्च’ असे मी पहिल्या दिवशी शिरस्त्याप्रमाणे लिहिले, आणि नऊ वर्षांत उजवी पाने भरत गेली, डावी कोरी राहिली. खर्चाच्या बाजूला सर्वांत अधिक वेळा आलेले गाव म्हणजे कुर्ला. अधिकृत दुकानातून मागवलेला भाग जर्मनीहून यावयास तीन आठवडे लागत असतील, तर तोच भाग कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर, एखाद्या निकालात निघालेल्या भगिनी-गाडीच्या अंगावरून उतरवलेला, दुपारच्या चहापूर्वी हाती पडू शकतो. मात्र दुकानदार ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘ओरिजिनलसारखा’ असे जे तीन वर्ग करतो त्यांतला तिसरा कोणत्या बाजूला झुकतो, हे ओळखण्यासाठी अनेक वर्षांची उमेदवारी लागते. त्या रस्त्याच्या नावातला सीएसटी म्हणजे बोरीबंदरचे स्थानक नव्हे. सेंट्रल साल्सेट ट्रामवे या नावाने तुर्भे ते अंधेरी अशी एक तेरा किलोमीटरची आगगाडी १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंदही पडली. ती सहा वर्षांत मेली, पण तिचे नाव अजून जिवंत आहे, आणि त्याच नावाच्या रस्त्यावर मेलेल्या गाड्यांचे अवयव जिवंत गाड्यांना मिळतात, यापेक्षा औचित्यपूर्ण योजना कोणत्याही नगररचनाकाराला सुचली नसती.

असे अवयव जोडणारे आमचे उस्ताद घाटकोपरला, असल्फ्याच्या बाजूला, मेट्रोच्या पुलाच्या सावलीत बसतात. त्यांच्या तोंडी कायमचे वाक्य म्हणजे “साहेब, काम निघालं.” हे काम आम्ही काढलेले नसते, उस्तादांनीही काढलेले नसते, झऱ्यातून पाणी निघावे तसे ते गाडीतून आपोआप निघते. गेल्या हिवाळ्यात गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरू लागली. पंधरा दिवस मी निरनिराळ्या तज्ज्ञांची मते ऐकली. एकाने संगणक जोडून पाहण्याचा सल्ला दिला, दुसऱ्याने इंजिन खोलण्याचा. उस्तादांनी झाकण सरळ आकाशाकडे उभे केले (या गाडीचे झाकण काटकोनात उभे राहते, आणि ते तसे उभे राहिले की गाडी दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्या रुग्णासारखी दिसते), गल्ल्यावरच्या तसबिरीपुढची जळती उदबत्ती उचलली आणि चालू इंजिनावरून ती सावकाश फिरवू लागले. धूर सरळ वर जात होता. मागच्या बाजूला, करंगळीएवढ्या एका रबरी कोपराशी येताच तो एकदम वाकला आणि एका अदृश्य भेगेत शिरून नाहीसा झाला. “इथून चोरून श्वास घेते,” उस्ताद म्हणाले. इंजिनाने हवा ठरलेल्या वाटेने, मोजून घ्यावयाची असते. तिला आडवाट सापडली की पेट्रोलाचे प्रमाण बिघडते आणि अंगाला कापरे भरते. तीस वर्षांच्या उष्णतेने रबर बिस्किटासारखे झाले होते. नवा कोपर एकशे ऐंशी रुपयांना आला. उदबत्तीचे पैसे उस्तादांनी घेतले नाहीत. पेट्रोलाच्या नळ्या मात्र त्यांनी त्याच बैठकीत सगळ्या बदलून टाकल्या, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि ज्या काळी ही रबरे ओतली गेली त्या काळी त्यांना असले पेय पाजले जाईल, अशी कोणाची कल्पना नव्हती.

संस्थेच्या सभासदांना हा सगळा प्रकार वृद्धापकाळचा छंद वाटतो. पुनर्विकासाच्या सभेत यांत्रिक वाहनतळाचा विषय निघाला तेव्हा सचिवांनी, अत्यंत सौजन्याने, “काकांची गाडी त्यात मावेल का?” असा प्रश्न उपस्थित केला, आणि मी घरून आणलेल्या टेपने सर्वांसमक्ष मोजून दाखवले, की तिची रुंदी १७४० मिलिमीटर, म्हणजे ज्या उंच, रुंद गाड्यांनी आज मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतचे गल्लीबोळ अडवले आहेत त्यांतल्या बहुतेकींहून कमी आहे. जुने ऐश्वर्य नव्या मध्यमवर्गापेक्षा अंगाने लहान निघाले, हे पाहून सभा काही काळ निःशब्द झाली. लांबीविषयी कोणी विचारले नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.

“नऊ वर्षांत जमेला काय आलं?” असे सौभाग्यवतीने एकदा चोपडी चाळताना विचारले. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. मागच्या जुलैत एका लग्नाहून आम्ही अंधेरीहून रात्री परतत होतो. सबवे रिवाजाप्रमाणे तुंबून बंद झाला होता, आणि आम्ही मोठा वळसा घालून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागलो तो पावसाने पवईचा तलाव आणि रस्ता यांतला भेदच पुसून टाकला. या गाडीला काच पुसण्यासाठी दोन हात नाहीत, एकच आहे. पण तो नुसता अर्धवर्तुळ काढीत नाही, तर कोपऱ्याशी पोहोचताना लांब होतो, मध्यावर येताना आखडतो आणि पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत झेपावतो, अशा रीतीने एकटा काचेचा ८६ टक्के भाग स्वच्छ ठेवतो. एकहाती संसार रेटणारी जुनी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या हालचालीत जी घाई नसते आणि जी कसूरही नसते, ती त्या रात्री त्या काठीच्या येरझारांत दिसत होती. बाहेर रिक्षा ढकलल्या जात होत्या, आत खड्ड्यांचा फक्त निरोप पोहोचत होता. मी काहीतरी बोललो आणि उत्तर आले नाही म्हणून वळून पाहिले, तर जी बाई आगगाडीत कधी डोळा मिटत नाही, ती मान किंचित कलती करून गाढ झोपली होती. मुलुंड येईपर्यंत मी गिअरही जपून बदलले. दुसऱ्या दिवशी चोपडीच्या डाव्या पानावर, नऊ वर्षांत प्रथमच, मी तारीख घातली आणि पुढे ‘एक झोप’ असे लिहिले. रकमेचा रकाना रिकामा सोडला.

यंदा पासिंगचे वर्ष. पहिली पंधरा वर्षे संपल्यावर गाडीची नोंदणी पाच पाच वर्षांच्या मुदतीने वाढवून घ्यावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते दहा हजार झाले आहे, पर्यावरण कर निराळा. सरकारचा हेतू स्पष्ट आहे आणि तो सर्वस्वी अयोग्य आहे असेही मला म्हणवत नाही. परंतु योग असा, की माणसाने पंचावन्नी ओलांडली म्हणजे त्याचा गाडी चालवण्याचा परवानाही पाच पाच वर्षांच्याच मुदतीने वाढतो, आणि माझीही मुदत यंदाच भरत होती. सकाळी परिवहन कार्यालयाच्या आवारात एका मुलाने चेसिसच्या क्रमांकावर कागद धरून वरून शिसपेन्सिल घासली, आणि तीस वर्षांपूर्वी पोलादात ठोकलेले आकडे एकामागून एक कागदावर उमटले. अधिकाऱ्यांनी दिवे पाहिले, कर्णा वाजवला, खाली वाकून काहीतरी न्याहाळले आणि सही केली. संध्याकाळी मी वैद्यकीय दाखल्यासाठी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळे पाहिले, टाळी वाजवून कान पाहिले, मग छातीला नळी लावून “मोठा श्वास घ्या” म्हणाले. मला उस्तादांची उदबत्ती आठवून हसू आले, आणि हसू नका, मोजायचंय, असे सांगून त्यांनी नळी पुन्हा लावली.

रात्री चोपडी उघडून गाडीच्या नावे शुल्क, कर आणि पेन्सिलवाल्या मुलाचे चहापाणी मांडले, मुदत २०३१. त्याखाली डॉक्टरांची फी लिहावी की नाही, यावर मी थोडा वेळ थबकलो, कारण ती काही गाडीची बाब नव्हती. मग त्या जुन्या कारकुनाचे स्मरण झाले. पीलखान्याच्या खर्चात माहुताचा रोजमुरा धरावाच लागतो.