बिडाचा तवा आणि वॉटसनचं हॉटेल

आमच्या घरी आजीचा बिडाचा तवा आहे. आधी चुलीवर आणि आता गॅसवर, तीन पिढ्या तापून त्याला काही झालं नाही. वर पाण्याचा हंडा ठेवा, वाकणार नाही. हातातून फरशीवर निसटला तर मात्र तडकेल, आणि तडकलेल्या बिडाला डाग द्यायला सहसा कुणी कारागीर धजत नाही.

मुंबईत काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, याच जातीची. तिला पाडा म्हणणारे आणि आहे तशीच राहू द्या म्हणणारे, दोघेही बिडाचा हा स्वभाव विसरतात.

जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्यानं 1860च्या दशकात ती बांधून घेतली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. बिडाच्या सांगाड्याचे भाग इंग्लंडात ओतून जहाजानं आणले आणि इथे जोडले. या धाटणीची भारतातली ही सर्वांत जुनी शिल्लक इमारत. 7 जुलै 1896 ला ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईनं इथेच पाहिली, तिकीट एक रुपया. त्या खेळांनी झपाटलेल्या सावेदादा भाटवडेकरांनी पुढे परदेशातून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये कुस्ती चित्रित केली. मराठी माणसाचा सिनेमाशी संबंध दादासाहेब फाळक्यांच्याही आधी जुळला तो असा.

मग हॉटेल बंद पडलं. खोल्यांची खुराडी झाली, त्यांत वकिलांची टेबलं आणि दुकानं आली. पोटमाळे चढले, नळ गळत राहिले, पाणी मुरत राहिलं. 2005 मध्ये दर्शनी भाग कोसळला आणि एकाचा जीव गेला. 2019 मध्ये इमारत रिकामी केली गेली. त्याच सुमारास आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी ती पाडावी असं मत दिलं. त्यांची भीती खोटी नाही. माणूस मेला आहे. 'वारसा, वारसा' करत त्यावर पांघरूण घालणं मला जमणार नाही.

पण इथे भार सांगाड्यावर आहे. म्हणून आधी करायचं ते उतरवायचं काम: पोटमाळे, मागाहून घातलेल्या भिंती, गच्चीवरचा भरणा. मग एकेका खांबाची तपासणी. पोकळ खांब ओतताना आतला गाभा सरकला, तर एका बाजूची जाडी कमी राहते. ते बाहेरून दिसत नाही, यंत्रानं मोजावं लागतं. बीड दाबाला खंबीर आणि ताणाला कच्चं. तेव्हा उभा भार त्याच्याकडे ठेवायचा आणि वाऱ्याचा, भूकंपाचा हिसका झेलायला आतून पोलादाची नवी चौकट द्यायची. जोड शक्यतो बोल्ट आणि पट्ट्यांनी, वेल्डिंगनं नाही.

हे स्वप्नरंजन नाही. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छपरामागे याच ऑर्डिशचा हात होता. 1960च्या दशकात तेही पाडायला निघाले होते. लोक भांडले, 1967 मध्ये त्याला सर्वोच्च दर्जाचं संरक्षण मिळालं. फलाटांखालच्या तळघरात पूर्वी बिअरची पिंपं ठेवत. तिथेही बिडाचे शेकडो खांब आहेत. वरची जमीन जागोजागी कापून उजेड खाली सोडला, आणि 2007 पासून युरोस्टारचे प्रवासी त्याच खांबांमधून ये-जा करतात. पिंपांच्या कोठाराचं प्रतीक्षालय झालं. मग खुराड्यांच्या जागी सिनेमाचं संग्रहालय आणि वर पुन्हा वकिलांच्या कचेऱ्या का नकोत? तळमजल्यावर एक पडदा आणि शंभरेक खुर्च्या, बस्स. जुन्या भाडेकरूंचा हक्क मात्र आधी कागदावर यायला हवा. त्यांना वगळून केलेलं जतन म्हणजे जागा हडपण्याचा सभ्य मार्ग.

म्हणून वाचकहो, हळहळू नका, कागद घ्या. इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनो, विद्यार्थ्यांना बिडाचं गणित करायला हीच इमारत द्या. या जिन्यांवर उमेदवारी केलेल्या वकिलांनो, बार रूममध्ये विषय काढा. सिनेमावाल्यांनो, 7 जुलैला केक कापण्याऐवजी समोरच्या फुटपाथवर या. आणि प्रत्येकानं म्हाडाला आणि मुंबईच्या वारसा जतन समितीला एक पत्र टाका. मजकूर लांबवू नका. जुन्या लोखंडी बांधकामांची दुरुस्ती प्रत्यक्ष केलेल्या इंजिनिअरांकडून प्रत्येक खांबाची, प्रत्येक सांध्याची पुन्हा तपासणी करा, तिचा अहवाल लोकांसमोर ठेवा, आणि तोवर एकही बोल्ट काढू नका, एवढंच लिहा. खाली सही, पत्ता आणि तारीख.